पांढरीवरची खापरं, वाळूतली शिवराई

मृगाच्या दोन-चार जोरदार सरी पडून गेल्या की जुन्या गावठाणाच्या उतारावरून खाली बघत चालावं. पावसाचं पाणी बारीक माती उतरणीला नेतं आणि जड वस्तू जागच्या जागी राहतात. खापराचा तुकडा, भाजलेल्या मातीचा मणी, शंखाच्या बांगडीचा काप, गंजून फुगलेला खिळा अशा गोष्टी एका रात्रीत उघड्या पडतात. क्वचित, फारच क्वचित, हिरवट चकती दिसते. आकाराच्या मानाने ती हाताला चांगलीच जड लागते. हे तांब्याचं जुनं नाणं.

माझ्या लेकीला हा नाद चौथीत लागला. त्या वर्षी शाळेत शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतात आणि राज्याभिषेकाच्या धड्यात सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई येते. तिने विचारलं, होन राजाच्या खजिन्यात राहिले असतील, पण तांब्याचे पैसे तर बाजारात फिरत होते, मग ते सगळे गेले कुठे? प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून सुट्टी लागली की आम्ही दोघी माझ्या माहेरी, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाकाठाने फिरतो. चिखलात रुतणं, काटे मोडणं, कुत्री मागे लागणं, भलत्या वेळी पाऊस गाठणं हे सगळं त्यात येतं. त्या फिरण्यातून जुनी नाणी आणि जुनी माती यांबद्दल जे कळत गेलं, ते इथे सांगते.

आधी शिवराईबद्दल. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाने नाणी पाडली. त्या काळी स्वतःचं नाणं पाडणं ही सार्वभौम राजाची खूण होती. आजूबाजूच्या बहुतेक सत्तांची नाणी फारसी मजकुराची होती. शिवराईवर मात्र एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी देवनागरी अक्षरं आली, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. सुरुवातीच्या शिवराईचं वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतं. पुढच्या काळातल्या बऱ्याचशा त्याहून हलक्या आहेत. अर्धी शिवराईही होती, आणि दोन पैशांचं जाड नाणं म्हणजे ढब्बू.

नाणं हाताने पाडलं जाई. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा ठसा हातात, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घाव. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यावर मावतच नसत. एखाद्या शिवराईवर ‘राजा’मधला ‘जा’ पुरता उमटलेला असतो आणि ‘रा’ काठाबाहेर गेलेला असतो. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. काठ कधी चौकोनाकडे झुकलेला. दोन शिवराया शेजारी ठेवल्या तर त्या सहसा जुळत नाहीत, आणि संग्राहकाला त्यांचं वेड लागतं ते नेमकं यामुळे.

नाण्यांतल्या या फरकाचं आणखी एक कारण टांकसाळींच्या कारभारात आहे. पेशवाईत टांकसाळी चालवण्याचे परवाने खासगी लोकांना दिले जात. १७४४ साली नागोठणे आणि रेवदंडा इथे तांब्याची नाणी पाडायला परवानगी दिल्याचा तपशील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर लिहिलेल्या निबंधात आला आहे. ठिकठिकाणचे कारागीर आपापले ठसे खोदत. मजकूर मात्र तोच राहिला. महाराज १६८० मध्ये गेले, तरी ‘राजा शिव’ हे शब्द नाण्यांवर पुढे शंभराहून अधिक वर्षं उमटत होते. पेशवाईच्या अखेरीला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आल्या. ती दुदांडी शिवराई. १८१८ नंतर कंपनी सरकार आलं तरी बाजारातले व्यवहार शिवराईत चालतच राहिले.

म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. बहुतेक नसतेच. विकणारा छातीठोकपणे ‘महाराजांच्या हातातलं नाणं’ म्हणतो तेव्हा मला राग येतो, कारण समोरच्याची भक्ती हेच त्याचं भांडवल असतं. दुदांडी शिवराईलाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो कमी मोलाचा नाही. एका राजाचं नाव त्याच्या मागे दीडशे वर्षं भाजीच्या, मिठाच्या, तेलाच्या सौद्यात फिरत राहिलं. हे तांब्याने जितकं स्पष्ट सांगितलं आहे तितकं दुसऱ्या कशाने क्वचितच सांगितलं असेल.

आता नदी. लेकीने कुठल्याशा व्हिडिओत दोरीला बांधलेलं चुंबक पाण्यात टाकून नाणी काढणारी मुलं पाहिली होती. पंढरपूरला, नाशिकला घाटांवर अशी मुलं खरोखर दिसतात. तिनेही जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा पात्रात टाकलं. चुंबकाला काय काय लागलं! बांधकामाचे खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, बैलाच्या पत्रीचा तुकडा. मग सुतळी कशात तरी अडकली. ओढता ओढता तिचा पाय सरकला आणि ती कमरेपर्यंत गाळात गेली. मी काठीचं टोक तिच्या हातात देऊन तिला काठावर घेतलं. सुतळीच्या टोकाला नांगराचा मोडका फाळ निघाला. घरी येईपर्यंत चिखल अंगावर वाळून कडक झाला होता आणि फाळ तिने सोडला नव्हता.

चुंबकाने शिवराई का मिळणार नाही, हे त्या संध्याकाळी आम्ही घरातली सगळी नाणी पुढ्यात घेऊन तपासलं. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट या धातूंना चुंबक ओढतं. तांबं, चांदी, सोनं, शिसं यांना ओढत नाही. आजची स्टेनलेस स्टीलची नाणी चिकटतात. १९६४ नंतरचे ॲल्युमिनियमचे पैसे ढिम्म हलत नाहीत. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाची नाणी, निकेल असूनही, चिकटत नाहीत, कारण तीन भाग तांब्यात एक भाग निकेल मिसळलं की त्याची चुंबकाकडची ओढ उरत नाही. मात्र १९४७ चा, मागे वाघ असलेला शुद्ध निकेलचा रुपया पटकन चिकटतो. माझ्या वडिलांच्या डब्यात तो होता. घाटावर चुंबक टाकणाऱ्या मुलांना म्हणूनच अलीकडचे रुपये मिळतात, पेशवाईतला पैसा त्यांच्या दोरीला लागू शकत नाही.

जुनं नाणं नदीतून काढायची खरी विद्या झारेकऱ्यांकडे आहे. सराफाच्या दुकानासमोरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण वेचणारी ही माणसं. त्यांच्यातले काही पैठण, नेवासे, नाशिक इथल्या नदीपात्रांतही काम करत आले आहेत. वाळू पाटीत घ्यायची, पाण्यात बुडवून गोल हेलकावे द्यायचे, वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची आणि तळाशी उरतं ते बघायचं. यामागचं शास्त्र सोपं आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची वाळू पाण्याच्या साधारण तिप्पट जड, तांबं जवळपास नऊपट, शिसं अकरापटीहून अधिक. सातवाहनांची बरीचशी नाणी शिशाची होती, ती पाटीच्या तळाशी आपसूक बसतात. नदीही हेच करते. वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याचा वेग मंदावतो आणि जड वस्तू तिथे पडतात. मोठ्या खडकाच्या मागे, खालच्या अंगाला, पडतात. सातवाहन नाण्यांवर आज जे लिहिलं जातं त्यातल्या कित्येक नाण्यांचा पहिला हात झारेकऱ्याचा असतो, आणि पुस्तकात त्याचं नाव बहुधा नसतं. ही गोष्ट मला फार लागते.

मुलांना घेऊन नदीत उतरणाऱ्यांनी एक मात्र डोक्यात पक्कं ठेवावं. वाळूउपशाने पात्रात जागोजाग खोल खड्डे पडले आहेत. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. आम्ही त्यानंतर पाण्यात उतरणं सोडलं. पाणी आटल्यावर उघड्या पडलेल्या कोरड्या वाळूवरूनच फिरतो, तेही गावातलं कुणी जाणतं माणूस बरोबर असेल तेव्हा.

नदीपेक्षा पांढरीने आम्हाला जास्त शिकवलं. आपल्या गावांत शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुनं, उठून गेलेलं गाव असेल तिथे पांढुरकं टेकाड उरतं. मातीच्या भिंती पडतात, त्यावर पुन्हा घर उभं राहतं, तेही पडतं. चुलीतली राख, शेणाची राख, हाडं, चुना, खापरं यांचे थरावर थर चढतात. शतकानुशतकं हे चाललं की जमीन आजूबाजूच्या रानापेक्षा वर येते आणि राख-चुन्याने तिचा रंग फिकट पडतो. ही माती पिकाला चांगली म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत आले आहेत. पुरातत्त्वाची माणसं नवं स्थळ शोधताना गावात पहिली चौकशी पांढरीचीच करतात.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव हे असंच टेकाड. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची ती वस्ती. घरातलं लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ते ठेवून, घराच्याच जमिनीत पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. लेकीला हे सांगावं की नाही याचा मी विचार केला आणि सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मूल लांब जाऊ नये म्हणून घरातच ठेवत असतील.” विद्वानांनीही पायांच्या बाबतीत असाच अंदाज बांधला आहे: गेलेला माणूस चालत परत येऊ नये, किंवा कुठे निघून जाऊ नये.

आमची मोठी फजिती झाली ती दुसऱ्याच एका निनावी पांढरीवर. पाऊस आदल्या रात्री झालेला. काळं रान ओलांडून जाताना माती चपलांना अशी धरत गेली की शेवटी चपला हातात घ्याव्या लागल्या. टेकाडावर आम्ही दोघी खाली मान घालून, हातात काठी, ओळीने चाललेल्या. खालून मोटारसायकलवरून दोघं आले. “ताई, काय हुडकताय?” मी सांगितलं, खापरं बघतोय. त्यांचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने आणखी चौघं आली, आणि मग सरपंच. गावात बातमी पोचली होती की पुण्याच्या दोन बायका गुप्तधन काढायला आल्यात. 

त्यांचा संशय रास्त होता. गुप्तधनाच्या नादाने लोकांनी गडांवरची जोती उकरली आहेत, देवळांतले नंदी फोडले आहेत. या नादापायी अघोरी प्रकार होत, म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचाही समावेश आहे. लेकीने आपली वही काढून सरपंचांना दाखवली. कुठल्या दिवशी कुठे काय दिसलं याची चित्रं, खापराच्या काठाचे आकार, बाजूला पेन्सिलने लिहिलेलं ‘उचललं नाही’. त्यांनी पानं उलटली, मग म्हणाले, “चला, चहा घ्या.” 

त्यांच्या घरी त्यांच्या आई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी तुमाला ढब्बू पैसा पायजे व्हय?” देव्हाऱ्यातून त्यांनी हळदीच्या डागांची एक पुरचुंडी आणली. तीत दोन भोकाचे पैसे होते आणि एक दुदांडी शिवराई. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेला. पोरांच्या करगोट्यात तो ओवत, असं आजींनी सांगितलं. लेकीने शिवराईवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कागदावर आलं: ‘राजा’चा काना, त्याखाली ‘व’चं पोट, आणि मागच्या बाजूला दोन रेघा ठसठशीत. दुकानातल्या काट्यावर वजन केलं, नऊ ग्रॅमच्या आसपास भरलं. आजींना ती त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेली होती. सासूबाईंचं माहेर सासवडचं. हे सगळं वहीत गेलं.

काळ्या रानाबद्दल थोडं इथेच सांगायला हवं, कारण त्याने पुष्कळ लोक फसतात. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात. पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. वरचं नाणं भेगेत पडून खोल जातं. खालचं खापर फुगणाऱ्या मातीबरोबर वर येतं. वर्षानुवर्षं जमीन स्वतःच स्वतःला नांगरत असते. त्यामुळे काळ्या रानात एखादी वस्तू खोल सापडली म्हणून ती जास्त जुनी, असं धरता येत नाही. पांढरीचं तसं नाही. तिथे थर जर कुणी विस्कटले नसतील तर खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं. म्हणूनच पांढरी उकरणं हा माझ्या मते मोठा गुन्हा आहे. खड्ड्यातून एक नाणं हाती येतं, आणि ते कोणत्या घराच्या कोणत्या जमिनीवर, कोणत्या खापराशेजारी पडलं होतं ते कायमचं पुसलं जातं.

ही माहिती किती मोलाची असते याची दोन उदाहरणं आपल्याच मातीतली आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी. सगळी मुळात क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नव्याने मारलेला होता, आणि त्या छापाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावत होता. पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या काळात एक लेख कोरवला आहे. त्यात तिने मुलाने क्षहरातांचा निःपात केल्याचं अभिमानाने नोंदवलं आहे. आईचं बोलणं म्हणून ते कुणी अतिशयोक्त मानलं असतं. जोगलटेंभीच्या साठ्याने त्याला साक्ष दिली. हा साठा सापडल्यावर फुटून बाजारात गेला असता तर आपल्याकडे सुटी नाणी उरली असती आणि हा निष्कर्ष इतक्या ठामपणे काढता आला नसता. लेकीला हा भाग फार आवडतो. आईचा लेख आणि मुलाचा ठसा एकमेकांना जुळतात हे ती मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगते.

दुसरं उदाहरण प्रवरेच्या काठच्या दायमाबादचं. १९७४ साली तिथे एका गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांस्याच्या चार मूर्ती लागल्या: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोहून अधिक, एकटा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. भारतीय धातुकामातली ही अपूर्व कामं. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं आणि उत्तर हडप्पा काळाचा थरही मिळाला. पण मूर्ती स्वतः त्या उत्खननात सापडलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासच्या की पुष्कळ नंतरच्या, यावर विद्वानांमध्ये मतभेद झाले. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही वाद झाला. मूर्ती आहेत, त्यांची घडण डोळ्यांपुढे आहे, पण त्या मातीच्या नेमक्या कोणत्या थरातून आल्या ही एक ओळ हरवली आहे. गावकऱ्याचा यात काही दोष नाही. मूर्ती लपवल्या गेल्या नाहीत, म्हणून तर त्या आज संग्रहालयांत आहेत.

नाण्याचं दुसरं नुकसान घरी आणल्यावर होतं. दिवाळी-पाडव्याला देव्हाऱ्यातलं तांबं चिंच-मिठाने घासायची आपली रीत. भांड्याला ती ठीक, जुन्या नाण्याला घातक. जमिनीत राहिलेल्या तांब्यावर आधी लालसर ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर चढतो. तो थर घट्ट असेल तर तोच खालच्या धातूचं रक्षण करतो, आणि झिजलेल्या अक्षरांचा उठाव पुष्कळदा त्या थरातच टिकलेला असतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, अक्षरं जातात. मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं आणि हवेतली ओल मिळाली की आतून तांबं खाऊ लागतं. नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी फुली दिसली तर तो रोग लागला असं समजावं आणि ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं करावं. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे जास्त होतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, मऊ ब्रश, सावलीत पूर्ण वाळवणं, आणि साध्या कागदाच्या पाकिटात ठेवणं इतकंच घरी करावं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम टाळावेत. ते प्लास्टिक काळाने आम्ल सोडतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो.

पावसाने रान बंद केलं की आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी सामान, घड्याळं, कंदील, अडकित्ते यांच्यामध्ये चादरीवर नाण्यांचे ढीग असतात. तिथे लेक खोटी नाणी ओळखायला शिकली. शिवराईला मागणी वाढल्यापासून साच्यात ओतलेल्या शिवराया पुष्कळ आल्या आहेत. ओतीव नाण्याच्या काठावर साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ राहते, किंवा ती कानशीने घासून काढल्याच्या खुणा दिसतात. भिंगाखाली पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या अक्षराची कड चिरल्यासारखी असते, ओतीव अक्षर गोलसर, साबणावरच्या अक्षरासारखं. आणि एका चादरीवर दोन शिवराया तंतोतंत सारख्या, तोच तुटका काना, तोच वेडावाकडा काठ असलेल्या दिसल्या, तर दोन्ही खाली ठेवून उठावं. हाताने पाडलेली दोन नाणी ठशाने जुळतील, काठाने जुळणार नाहीत. लेकीने अशी जोडी शोधून विक्रेत्यालाच शांतपणे दाखवली होती. त्याने दोन्ही उचलून पिशवीत टाकली.

कायदा मुलांनाही सांगायला हवा, आणि तो समजायला अवघड नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला तो ठेवा संपादन करता येतो, पण फुकट नाही: धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना आजोबांच्या डब्यातली शिवराई भेट म्हणून देणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. गडकोट आणि लेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात तर उकरणं सोडाच, मेटल डिटेक्टर घेऊन फिरणंही करू नये. आम्ही खुरपंसुद्धा बरोबर नेत नाही. पांढरीवरचं खापर बघायचं, त्याच्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, वहीत चित्र काढायचं, आणि ते तिथेच ठेवायचं.

अशा निव्वळ नोंदींचा काय उपयोग, असं मला विचारतात. उपयोग आहे. गावोगावच्या देव्हाऱ्यांत, कणगीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत आजही शिवराया आहेत. त्या कुठल्या घरातून कुठल्या घरात गेल्या हे सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढची आहे. नाणं पुढेही राहील, त्याची हकिकत मात्र त्या आजींबरोबर जाईल. ठसा, वजन, गाव, कुणाकडून कुणाकडे आलं ही माहिती शाळकरी पोर लिहून घेऊ शकतं आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच करत आलं: दारोदार फिरून कागद, नाणी, हकिकती गोळा करणं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली, आणि तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे.

सरपंचांच्या आईंच्या शिवराईवर एक गोष्ट वेगळी आहे. दोन रेघांच्या वर, ‘छत्र’च्या उजव्या अंगाला, एक लहान खूण आहे, पानासारखी किंवा त्रिशुळासारखी. नाणं झिजल्यामुळे नेमकं ठरत नाही. अशा खुणांवरून टांकसाळीचा माग लागू शकतो, आणि सासूबाईंचं माहेर सासवडचं ही नोंद तिथे कामी येऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीत तो पेन्सिलचा ठसा घेऊन आम्ही अंजनेरीला जाणार आहोत. लेकीने विचारायच्या प्रश्नांची यादी करून ठेवली आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न त्या खुणेचा आहे.